कूलर, स्लॅब आणि मे महिन्याचे बिल

नागपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात दुपारपेक्षा रात्र जड जाते. स्लॅबमध्ये दिवसभर मुरलेली उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर वारा सुटला, तरी छत मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहते. म्हणून कोणी मोठ्या एसीची चौकशी केली, की मी आधी गच्चीला पांढरा रंग किंवा निदान चुना लावायला सांगतो. धुळीने तो काळवंडला की त्याचा उपयोग घटतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसरा आग्रह कूलरचा. बाहेर 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो आणि त्यासाठी साधारण 200 वॉट वीज घेतो. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना दीड हजार वॉटच्या आसपास जातो. मात्र कूलरसमोरची खिडकी उघडी हवी, कारण आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर खोलीत नुसती चिकचिक होते. कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्याही नीट पाहाव्यात. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी ताटीवर पाणी सोडणाऱ्या नळीची भोके बुजली, की ताटीवर कोरडे पट्टे उमटतात आणि तेवढ्या भागातून लू सरळ घरात शिरते.

पाऊस सुरू झाल्यावर कूलरचा हट्ट धरू नये; दमट हवेत तो निरुपयोगीच. (मुंबईकरांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये.) तेव्हा एसी 26 अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. महावितरणचे घरगुती दर 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर चढत जात असल्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते.

पंख्याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. जुना पंखा 75 वॉटच्या आसपास वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा 30-35 वॉटमध्ये भागवतो. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. झोपण्याच्या खोलीतला आणि हॉलमधला बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्यावा.