हळदू, कदंब की कळम?

नागपूरला आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या मागे नाल्याकाठी एक जुनं, उंच झाड आहे. सोसायटीने मोठ्या झाडांची यादी करायला घेतली, तेव्हा त्याच्यासमोर कुणीतरी 'जंगली' असं लिहून मोकळं झालं. घेर मोजला, फोटो काढला, नाव मात्र जंगली! महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या वरच्या झाडांना 'हेरिटेज' म्हणून वेगळं स्थान दिलंय. उद्या कुणी त्या नाल्याकाठी काही बांधायला निघालं तर 'जंगली' या नावावर आपण काय बोलणार? म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं.

झाड ओळखायचं म्हटलं की लोक आधी पानाचा आकार बघतात. मला विचाराल तर तो शेवटी बघावा. या झाडाचं पान तळहाताएवढं, गोलसर, देठाकडे किंचित आत गेलेलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपला एका पानाचा फोटो दाखवला की ते एकदा पिंपळाच्या जवळपास जायचं, एकदा हळदू म्हणायचं, एकदा कदंब. त्यात अ‍ॅपची फार चूक नाही. अशी गोलसर पानं कितीतरी झाडांना असतात आणि सुट्या पानावरून ती कुठे, कशी लागली होती हे कळतच नाही. फोटो काढायचा तर फांदीच्या शेंड्याचा काढावा, पानाच्या दोन्ही बाजूंचा, खोडाचा, आणि लांबून अख्ख्या झाडाचा.

फांदी हातात आली आणि निम्मी नावं लगेच गळाली. पान तोडलं तर चीक नाही, म्हणजे पिंपळाच्या गोतावळ्यातलं काही नाही. पानं समोरासमोर जोडीने. पारोसा पिंपळाची एकाआड एक असतात, तोही गेला. उरला शिवण. शिवणीची पानं समोरासमोर असतात आणि हृदयाच्या आकाराचीही, त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ जण इथेच थांबतात. पण शिवणीच्या पानाच्या बुडाशी, देठ जिथे मिळतो तिथे, बारीक ग्रंथी असतात. इथे त्या नव्हत्या. शिवाय शिवणीला उपपर्णं नसतात, आणि या झाडाला ती चांगली ठसठशीत होती.

हे उपपर्ण प्रकरण जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. फांदीच्या शेंड्याकडे, समोरासमोरच्या दोन देठांच्या मधल्या जागेत, फांदीच्या दोन्ही अंगांना एकेक छोटं, वर रुंद होत गेलेलं फिकट हिरवं पान असतं. कोवळी कळी त्या जोडीच्या आत मिटलेली असते. पालवी उघडली की ती गळून जातात आणि फांदीवर एका देठापासून दुसऱ्या देठापर्यंत आडवी रेघ तेवढी राहते. त्यामुळे जून फांदी घेऊन बसलात तर काही दिसणार नाही, कोवळा शेंडाच हवा. समोरासमोर साधी पानं आणि दोन देठांच्या मध्ये उपपर्ण, हे दोन्ही एकत्र दिसलं की कॉफीच्या कुळाकडे वळायचं. घरी कुंडीत एक्झोरा असेल तर त्याच्यावर हे आत्ता बघता येईल. तोही त्याच कुळातला. रानातली बारतोंडी आणि गेळाही त्यातलेच.

या कुळातली, चेंडूसारखा फुलोरा येणारी मोठी झाडं आपल्या भागात तीन: कदंब, हळदू आणि कळम. आता कुठे खरा प्रश्न समोर आला.

कदंब बाद करणं सोपं होतं. हल्ली नव्या वस्त्यांत तो लावलेला दिसतोच. त्याचं पान लांबट, टोकदार, कितीतरी मोठं आणि त्यावरच्या शिरा ठळक. हळदू आणि कळम यांच्यात मात्र पानावरून मन ठरेना. हळदूचं पान बुडाशी चांगलं खोल खाच असलेलं, देठ लांब, आणि खालच्या बाजूने मऊ लव. आमच्या झाडाचं पान खालून जवळजवळ गुळगुळीत होतं. भिंगातून पाहिलं तर फक्त शिरा फुटतात त्या कोपऱ्यांत लवेचे बारीक पुंजके. कल कळमकडे झुकला. पण पानं कोवळी-जून, उन्हातली-सावलीतली अशी बदलतात, तेव्हा नुसत्या लवेवर यादीत नाव चढवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मधल्या काळात लोकांना विचारत होतोच. शेजारच्या काकूंनी 'कदंब आहे तो, कृष्णाचा' असा निकाल दिला. जवळच बांधकामावर आलेला बालाघाटकडचा एक मजूर खोडावरून हात फिरवून म्हणाला, 'ये तो मुंडी है.' मुंडी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे धानाच्या बांधीत उगवणारी गोरखमुंडी आली, ती तर वीतभर उंचीची. पण मध्य प्रदेश, छत्तीसगडकडे कळमला मुंडी म्हणतात हे नंतर कळलं. त्या माणसाने खोड पाहूनच सांगितलं होतं. करडी साल, पातळ खपल्या निघून गेल्यावर राहिलेले उथळ खळगे. त्याने हात नेमका तिथेच फिरवला होता.

फुलं यायची वाट पाहावी लागली. ती बरीच उंचावर. पावसाच्या तोंडावर एका संध्याकाळी वावधन सुटलं आणि सकाळी झाडाखाली फुललेली डहाळी पडलेली मिळाली. पिवळट पांढरे गोल फुलोरे, मंद गोड वास. आणि महत्त्वाचं म्हणजे ते फांदीच्या टोकाला होते, प्रत्येकाच्या बुडाशी पानासारखी एक जोडी. हळदूचे पिवळे फुलोरे पानांच्या बेचक्यातून, लांब दांड्यांवर येतात. हा एवढा एक फरक माहीत असला तर भिंगसुद्धा लागत नाही. तरी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून पाहिलंच. प्रत्येक फुलातून बाहेर आलेल्या दांडीच्या शेंड्यावर कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक होतं, बिशपच्या उंच टोपीच्या आकाराचं. कळमच्या प्रजातीला मिट्रागायना हे नाव याच टोपीवरून पडलंय.

डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवली. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी. ती घेऊन ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. सरांनी फुलोऱ्याकडे बघितलंही नाही; शेंड्याचं उपपर्ण, मग पानाची पाठ, आणि म्हणाले, 'फळ आणलंय का?' त्यांच्याकडे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे जुने जाडजूड ग्रंथ होते, पण त्यात नागपूर कुठून असणार? तेव्हा आपण मध्यप्रांतात.

फळासाठी फार थांबावं लागलं नाही, कारण मागच्या वर्षीचे वाळके गोळे झाडाखालच्या पाचोळ्यात होतेच. बोटांत चुरडले की त्यांची सुटी सुटी बोंडं होतात आणि आतून भुशासारखं बारीक बी उडतं. कदंबाचं फळ मांसल, पिकल्यावर नारिंगी-पिवळं. त्याचा असा चुरा होणं शक्य नाही. पुढे पेंचच्या जंगलात सिल्लारीकडे गेलो तेव्हा हळदूही मुद्दाम शोधून पाहिला, पानाची पाठ गालाला लावून. लव लगेच जाणवते.

यादीत आता 'कळम, मिट्रागायना पार्व्हिफोलिया' असं लिहिलंय. कळमला ओलाव्याची जागा मानवते, तेव्हा नाल्याकाठी तो असणं साहजिकच. हे झाड कुणी लावलेलं नसून वस्तीच्या आधीपासूनचं असावं असं मला वाटतं. काकू अजून कदंबच म्हणतात. यादीत आणखी दोन 'जंगली' शिल्लक आहेत. त्यातल्या एकाची पानं संयुक्त आहेत आणि महारुख असल्याचा संशय आहे, पण पंखवाली फळं हातात येईपर्यंत तो रकाना मी पेन्सिलीनेच भरलाय.