सिरपूर तलाव: चालायचं कमी, थांबायचं जास्त

धार रोडवरचा सिरपूर तलाव इंदूरकरांना नवा नाही. होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशयही त्याच वर्षी गेला. तिथे सारस आहेत, पण पाण्याचा पसारा मोठा आणि पक्षी लांब बसतात. पायी फिरून फोटो काढायचे तर मला सिरपूरच बरं वाटतं.

डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला काठ गाठायचा आणि सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरायची. साडेसात ते नऊ, एवढाच कामाचा उजेड. त्यानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग फोकस अचूक असला तरी लांबच्या बदकांची पिसं लोण्यासारखी मऊ येतात. लोक लेन्सला दोष देतात. तिचा काही संबंध नसतो.

जागा धरली की वीस मिनिटं हलायचं नाही. सगळ्यात आधी टिटवी ओरडते आणि थापट्या, तलवार बदक अशी सगळी बदकं काठापासून सरकतात. ती गप्प झाली की तेच पक्षी हळूहळू परत येतात. आपण मागे धावलो तर ते दर वेळी दहा हात पुढे जातात आणि हाती फक्त शेपट्यांचे फोटो लागतात.

जलपर्णीच्या कडेला कमळपक्षी शोधा. लांबच लांब बोटांवर वजन पसरवून तो तरंगत्या पानांवरून चालतो. पान किंचित दबतं, पण बुडत नाही. हिवाळ्यात त्याची ती प्रसिद्ध लांब शेपटी नसते, त्यामुळे नवखे त्याला ओळखतच नाहीत. मानेच्या बाजूने उतरणारी काळी रेघ आणि वर पिवळसर पट्टा पाहा. फोटो उभ्याने काढला तर पक्षी पानांत चिकटवल्यासारखा दिसतो. गोणपाट अंथरून खाली बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका. मग त्याचा डोळा आणि आपली लेन्स जवळपास एका पातळीत येतात आणि मागची हिरवळ विरघळते. ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरली असेल तर चालत्या पक्ष्याला शटरचा वेग १/८०० सेकंद, उडत्याला १/२००० तरी हवं. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, १६०० झाला तरी चालेल. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा सुधारता येत नाही.

खरी फसगत पांढऱ्या-काळ्यात होते. गडद पाण्यात छोटा बगळा असला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पाण्याकडे पाहून उजेड वाढवतो आणि बगळा चुना फासल्यासारखा पांढराफटक येतो, पिसाची एक रेघ उरत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय, उणे दोन तृतीयांश ते उणे एक ठेवा. वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यालाही हेच लागू. अंग काळं म्हणून उजेड वाढवायचा मोह होतो, पण चोच आणि कपाळावरचा टिळा आधी जळतो. पांढरं सांभाळा, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर काळ्यातला तपशील मागाहून वर काढता येतो.

टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याने बुडी मारली की कॅमेरा खाली करू नका. ती कुठे वर येईल सांगता येत नाही, म्हणून डोळा व्ह्यूफाइंडरबाहेर ठेवून पाणी बघत राहायचं. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आधी जुळवून घ्या. चुकलेल्या तारखेची पक्ष्यांची नोंद पुढे कुणाच्या कामाची राहत नाही.

नऊ वाजता पोहे. इथे एक धोका आहे: आपल्याकडे पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवतात आणि सकाळभर गारठलेली लेन्स त्या वाफेत धरली की काच लगेच धुरकटते. रुमालाने पुसू नका, त्याला शेवेचं तेल आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) लागलेलं असतं. दुकानात शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत टाकून चेन लावायची आणि घरी गेल्यावरही अर्धा तास उघडायची नाही.