आधी सर्च कन्सोल उघडा

छोट्या व्यवसायाची वेबसाइट माझ्याकडे आली की डिझाइनकडे मी नंतर बघते. आधी गूगल सर्च कन्सोल, म्हणजे साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, उघडते आणि लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते वाचत बसते. या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच! इम्प्रेशन्स (शोधात पान किती वेळा दिसलं) भरपूर, क्लिक जवळपास शून्य आणि निकालांच्या यादीतलं सरासरी स्थान ८ ते १५ च्या दरम्यान, असे शब्द सापडले की तिथेच हात घालायचा. पान कशाबद्दल आहे हे गूगलला कळलेलं असतं; अडतं दुसरीकडेच.

बहुतेक वेळा टायटलमध्ये, म्हणजे शोधनिकालात दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकात. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या पानाचं टायटल नुसतं ‘होम’ असेल तर कोण क्लिक करणार? तिथे ‘शिलाई मशीन दुरुस्ती: दोरा तुटणे, टाके सुटणे, मोटर बंद’ असं लिहा. गिऱ्हाईक आपली अडचण टाइप करतं, तुमचं ब्रीदवाक्य नाही. मग त्या प्रत्येक अडचणीवर नीट समजावून सांगणारं वेगळं पान हवं, आणि मुख्य पानावरून तिथे लिंक.

मेटा कीवर्ड्सचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेल्या शब्दांच्या यादीचा, नाद सोडा. रँकिंगसाठी (निकालांचा क्रम लावायला) ते वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. विकतच्या बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक्स) तर अजिबात नकोत.

वेग मात्र तपासा. मोबाइलवर पानातला सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. बऱ्याचदा वरचा भलामोठा फोटोच आडवा येतो. तो लहान करून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये टाका. बदल झाले की सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने पान नव्याने वाचून नोंदवण्याची, विनंती करा आणि काही आठवडे त्या टायटलला हात लावू नका.