सीट मिळत होती, तरी बीएस्सी का केलं?

‘सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट मिळत होती, मग फिजिक्स घेऊन बीएस्सी का केलंस?’ लग्नात विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, मुलांचे पालकही विचारतात. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

मार्क कमी नव्हते. घरून विरोधही नव्हता. विरोध असता तर भांडून मोकळी झाले असते.

2011 चा जून-जुलै. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत मेकॅनिकलला नंबर लागला होता. आप्पा, माझे वडील, एसटीत कंडक्टर. ते रजा टाकून माझ्यासोबत सेंटरवर आले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लीव्हिंग, डोमिसाईल, सीईटीचं स्कोअरकार्ड आणि सगळ्यात वर फीचा डीडी (डिमांड ड्राफ्ट). आमच्यापुढे रांगेत चारजण उरले तेव्हा मी म्हणाले, ‘‘आप्पा, मला ही सीट नको.’’

‘‘मग काय पाहिजे?’’

‘‘फिजिक्स.’’

‘‘त्यानं पुढं काय होतं?’’

मला उत्तर देता आलं नाही. मागचा एकजण म्हणाला, ‘‘अहो, पोरीला समजवा.’’ आप्पांनी त्यांना पुढे जायला जागा दिली आणि बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसले. डीडी बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला, परत फोल्डरमध्ये ठेवला. मग म्हणाले, ‘‘हा रद्द करायचा तर बँकेत दोनच्या आत जावं लागेल.’’ बँकेत त्यांनी डीडीच्या मागे सही केली. बँकेचे चार्जेस कापून उरलेले पैसे घेतले, दोनदा मोजले. परतीच्या एसटीत कोरेगाव येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा माझ्याकडे कारण एवढंच होतं: बारावीचं सोनोमीटरचं प्रॅक्टिकल. लाकडी पेटीवर ताणलेली तार. तिच्यावर कागदाचा चिमुकला रायडर ठेवायचा, ट्यूनिंग फोर्क वाजवून पेटीवर टेकवायचा आणि तारेची लांबी सरकवत जायची. एका नेमक्या लांबीला रायडर थरथरतो आणि उडून पडतो. त्याच लांबीला का, हे मला मुळापासून कळून घ्यायचं होतं. हे आप्पांना रांगेत कसं सांगणार? विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या सरकारी इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला 80 हजार नंतर मिळाले. त्या दिवशी ते ठाऊक असते तर निदान एक उत्तर तरी हातात असतं.

अठराव्या वर्षी मी मनाशी म्हणायचे, इंजिनिअर सूत्रं वापरतात, आपण ती समजून घेणार. हे चूक होतं. एमएस्सीला असताना आम्ही खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण बघायला गेलो. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना. जवळ गेल्यावर दिसतं, तबकडी भरीव पत्र्याची नाहीच. स्टीलच्या दोऱ्यांवर ताणलेली बारीक तारेची जाळी आहे, म्हणून वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची आणि ते शिकलेले फिजिक्स. मग यातलं विज्ञान कुठे संपतं आणि इंजिनिअरिंग कुठे सुरू होतं? त्या दुपारी जाळीखाली उभी असताना मेकॅनिकलची ती सीट आठवली आणि पोटात कालवलं.

पगाराचंही सांगते. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. तासांचे पैसे मिळतात, मे महिना कोरडा जातो. माझ्यासोबत कॅपला बसलेल्या मैत्रिणीचं पुण्यात घर झालं. माझी प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा झालीय, जागा निघायची वाट बघतेय. याचं वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. पण हे ऐकून ‘बघ, आम्ही म्हणत होतो’ म्हणू नका. जागा भरल्या जात नाहीत, यात फिजिक्सचा काय दोष?

परवा आतेबहिणीच्या मुलीने विचारलं, ‘‘मावशी, मी बीएस्सी करू?’’ माझ्या तोंडून पटकन ‘नको’ निघालं. रात्री झोप लागेना, तेव्हा तिला फोन केला. म्हटलं, कॅपचा फॉर्म भर, पण बीएस्सीचाही भरून ठेव. आणि आईबाबांना रांगेत सांगू नकोस, घरीच सांग.