तुम्ही विचारलंत म्हणून: आधी गादी, कपाट सगळ्यात शेवटी

पहिल्यांदाच स्वतंत्र राहायला निघालेली माणसं मला हमखास एक प्रश्न विचारतात. घर छोटं आहे, हातात पैसे बेताचे आहेत, तर आधी काय घ्यायचं? विचारतानाच त्यांच्याकडे यादी तयार असते आणि तिच्यात कपाट, सोफा, टीव्हीचं युनिट ही मंडळी सगळ्यात वर असतात. मी ती यादी उलटी करायला सांगते. माझी स्वतःची सुरुवात एका खोलीत झाली आणि पुढे भाच्या-पुतण्यांपासून ऑफिसातल्या नव्या मुलामुलींपर्यंत कितीतरी जणांची घरं लावायला मी आवडीने गेले. त्यातून एक मत पक्कं झालं आहे. ज्या वस्तूवर रोज शरीराचा भार पडतो तिच्यावर पहिला पैसा खर्च करावा, आणि सामान ठेवण्याच्या वस्तू सगळ्यात शेवटी घ्याव्यात.

म्हणून पहिली गादी. पलंग मागाहून आला तरी चालतो, गादीत मात्र काटकसर नको. दुकानात ती हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढा, रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. विक्रेता बघत असला तरी बघू दे. फोमची गादी असेल तर घनता विचारा. एका घनमीटरला किती किलो, अशी ती सांगतात. घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. कमी घनतेची गादीही नवी असताना छान कडक लागते, पण तिच्यात लवकर खड्डा पडतो. सुरुवातीला गादी जमिनीवरच टाकणार असाल तर सकाळी उठल्यावर ती भिंतीला उभी करून ठेवा. झोपेत अंगातून निघणारा दमटपणा गादीतून खाली उतरतो, थंड फरशीवर अडकतो आणि खालच्या बाजूला बुरशी धरते. मधे फटी ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांची साधी चौकट खाली आली तरी हवा खेळायला लागते.

मग खुर्ची आणि टेबल. छोट्या घरात जेवण, अभ्यास, ऑफिसचं काम सगळं एकाच टेबलावर होतं. टेबल कसलंही चालेल, खुर्ची नीट हवी. बहुतेक टेबलं 75 सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात आणि खुर्चीची बैठक 45 च्या आसपास. या दोन उंचींमधला फरक 25 ते 30 सेंटीमीटर असावा. टेबल एकीकडून आणि खुर्ची दुसरीकडून, तीही वापरलेली घेणार असाल, तर हा फरक टेपने मोजूनच घ्या. तो जास्त झाला की काम करताना खांदे वर चढतात, कमी झाला की मांड्या टेबलाला घासतात. शिवाय बसल्यावर पाय पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट किंवा खोकं ठेवा, त्यासाठी नवी खुर्ची नको.

तिसरी वस्तू दिवा. ती कुणाच्याच यादीत नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतक्या कमी पैशात खोली इतकी बदलणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. छताच्या मधोमध एकच दिवा असला की टेबलाशी बसल्यावर आपलीच सावली वहीवर पडते, कोपरे काळोखात जातात आणि खोली आहे त्याहून लहान वाटते. एक दिवा टेबलावर, एक उशाशी, जमलं तर एक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, असे दोन-तीन छोटे दिवे खालच्या उंचीवर लावा. बल्ब घेताना वॅट बघू नका, ल्युमेन बघा. जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका उजेड हवा असेल तर साधारण 800 ल्युमेन लागतात आणि एलईडी तो 8 ते 10 वॅटमध्ये देतो. रंगासाठी केल्विनचा आकडा बघा: 2700 म्हणजे उबदार पिवळसर उजेड, 4000 कामाला चांगला, 6500 निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत, आणि एकच खोली असेल तर उशाशी, 2700 चाच लावा.

एवढं घेऊन राहायला जा आणि थांबा. हे थांबणं लोकांना सगळ्यात जड जातं. कपडे सुटकेसमध्ये, पुस्तकं खोक्यात, भांडी ओट्यावर. घर अर्धवट दिसतं, कुणाला बोलवायला संकोच वाटतो. बोलवा, आलेली माणसं गादीवर बसतील. पण हे काही आठवडे वाया जात नाहीत. या काळात वस्तू आपापल्या जागा दाखवतात. घरात शिरल्यावर किल्ल्या कुठे टाकता? बॅग कुठे आपटता? एकदाच घातलेले, धुवायचेही नाहीत आणि घडी करून ठेवायचेही नाहीत असे कपडे कुठे जाऊन पडतात? त्या पसाऱ्यावर चिडू नका, तो नीट बघा. किल्ल्या रोज खिडकीच्या कट्ट्यावरच पडत असतील तर किल्ल्यांची वाटी त्या कट्ट्यावर हवी. दाराशेजारी कितीही सुंदर खुंटाळं लावलंत तरी ते रिकामं राहील. एकदा घातलेल्या कपड्यांसाठी दाराच्या मागे तीन-चार हुक पुरतात, त्यासाठी कुणी कपाट घेऊ नये.

कपाट आधी आलं की काय होतं हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. रिकामा खण रिकामा राहत नाही. त्याच्यात जुनी खोकी, बंद पडलेले चार्जर, कधीतरी लागतील अशा पिशव्या जाऊन बसतात, आणि रोजच्या वस्तू पुन्हा बाहेरच्या बाहेर. मग माणूस म्हणतो, साठवायला जागा कमी पडते, अजून एक रॅक घेऊ. छोट्या घरात सगळ्यात महाग वस्तू मोकळी जमीन आहे, आणि ती असा दुसरा रॅक गिळतो.

वस्तू वापरायच्या जागी वस्तू ठेवायची, हा विचार कसा फळतो याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे 1926 मधलं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी ते फ्रँकफर्ट शहरातल्या परवडणाऱ्या घरांसाठी रचलं. जागा किती, तर साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर अभ्यासलं, काम करताना बाईची किती पावलं खर्च होतात, हात किती लांबवावा लागतो हे बघितलं, आणि त्यावरून प्रत्येक कप्प्याची जागा ठरवली. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बसवली गेली. दोन माणसांना एकत्र काम करायला ते अडचणीचं होतं, ही तक्रार खरी आहे. पण आधी काम बघायचं आणि मग कप्पा बांधायचा, हा क्रम मला अजूनही बिनतोड वाटतो. आपल्या घरात तो पाळायला कुणी वास्तुरचनाकार लागत नाही.

काही आठवड्यांनी साठवणीचं घ्यायला निघाल तेव्हा कपाटाच्या उंचीपेक्षा त्याची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं अंतर, आधी बघा. टांगलेल्या कपड्यांना 55 ते 60 सेंटीमीटर खोल कपाट लागतं, कारण हँगरच तेवढी जागा मागतो. बाकी जवळजवळ सगळ्याला 30 सेंटीमीटरची फळी पुरते. तिच्यावर वस्तूंची एकच रांग बसते आणि सगळं दिसतं. खोल फळीवर मागची रांग विसरली जाते आणि तीच वस्तू आपण पुन्हा विकत आणतो. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा रोजच्या वस्तूंना द्या, वर आणि खाली वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या. पलंगाखाली 25-30 सेंटीमीटर मोकळे असतील तर जास्तीची अंथरुणं तिथे जातात आणि एक अख्खं कपाट वाचतं. डबे आणि टोपल्या मात्र फळी मोजल्याशिवाय आणू नका. संच सुंदर दिसतो म्हणून आणलेले डबे फळीपेक्षा दोन बोटं उंच निघतात.

फळ्यांचं एक गणित सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. तेवढ्याच दाटीने सामान भरलं आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळी दुप्पट नाही, सोळा पट वाकते. उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठ पटींनी कमी होतो. म्हणून पुस्तकांची लांबलचक देखणी फळी घेण्यापेक्षा मधे एक आधार वाढवा. भुसा दाबून केलेल्या 18 मिलिमीटरच्या बोर्डावर पुस्तकं ठेवायची असतील तर 75-80 सेंटीमीटरच्या पुढे मी आधाराशिवाय जात नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायची असतील तर घरमालकांना आधी विचारा. नको म्हणाले तर जमिनीवर उभा राहणारा उघडा रॅक बघा.

वापरलेल्या वस्तूंबद्दल लोक एक तर उगाच घाबरतात, नाहीतर सरसकट काहीही उचलतात. लाकूड, लोखंड, काच बिनधास्त जुनं घ्या. सांधे हलवून बघा, खण पूर्ण बाहेर ओढा, मागची आणि खालची बाजू बघा. बोर्डाची खालची कड फुगलेली असेल तर पाणी लागलंय, ती वस्तू सोडा. भुसा दाबून केलेला बोर्ड वारंवार उघडून जोडला की स्क्रूची भोकं भुगा होतात, त्यामुळे घर बदलत राहणाऱ्यांनी धातूच्या नट-बोल्टवर जोडलेलं फर्निचर शोधावं. गादी आणि कापड चढवलेला सोफा जुना घेऊ नये, यावर माझं मत ठाम आहे. ढेकूण शिवणीत, सांध्यात, स्क्रूच्या भोकातसुद्धा राहतो आणि काही न खाता कित्येक महिने काढतो. लाकडी पलंग घेतलात तरी बॅटरी लावून सांधे तपासा. बारीक काळे ठिपके दिसले तर परत फिरा.

उंच कपाट किंवा रॅक आणलात तर जड सामान खाली ठेवा आणि तो भिंतीला पट्टीने बांधा. वरचे दोन-तीन खण एकाच वेळी बाहेर ओढले की भरलेलं कपाट पुढे कलंडतं, आणि लहान मुलं खणांचीच शिडी करतात. इथे घरमालकाची परवानगी मागायला अजिबात लाजू नका. भोक बुजवता येतं.

सोफ्याचं सगळे शेवटी विचारतात. घ्या, पण आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्याचा आकार आखा आणि दोन दिवस त्याच्या कडेने वावरा. जायला-यायला निदान 60 सेंटीमीटर वाट उरली पाहिजे, मुख्य वाटेवर 80-90. मग जिना, लिफ्ट, वळण आणि दार मोजा. दार मोजताना चौकट मोजून भागत नाही. दार पूर्ण उघडल्यावर दाराची फळी आणि समोरची चौकट यांच्यामध्ये जेवढं अंतर उरतं तेवढीच तुमची वाट. ती कमी पडत असेल तर सोफ्याचे पाय आणि हात सुटे होतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.