वाफेवर वाकलेली खुर्ची

मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती गोल बैठकीची, काळपट, एका हाताने उचलता येणारी खुर्ची असते. तिचा घाट मूळचा मध्य युरोपातला. मिखाएल थोनेट या जर्मन सुताराच्या व्हिएन्नातल्या कंपनीने १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ ही खुर्ची काढली. १८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकार (पेटंट) संपला आणि कोहनसारखे कारखानेही तशाच खुर्च्या काढू लागले. त्यामुळे इराण्याकडची प्रत्येक खुर्ची थोनेटची असेलच असं नाही.

या शैलीत कोरीवकाम नाहीच. लाकडी भाग सहा: पाठ आणि मागचे पाय मिळून एकच लांब दांडा, पाठीतली आतली कमान, बैठकीचं कडं, चारही पायांना आतून धरणारं कडं आणि पुढचे दोन पाय. जोडायला दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जागेवर पोचल्यावर जोडल्या जात.

लाकूड बीच या युरोपीय झाडाचं, म्हणून कारखाना मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचानच्या बीच-जंगलाजवळ निघाला. सरळ रेषांची, गाठ नसलेली दांडी वाफेत मऊ करून लोखंडी साच्यावर वळवायची आणि साच्यातच वाळवायची. वाफेत मुरलेलं लाकूड दाबलं तर बरंच आखडतं, पण ताणलं तर जेमतेम एक-दोन टक्के लांबतं. नुसतंच वाकवलं की बाहेरच्या अंगाला तडकतं. थोनेटने त्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट आवळली. बाहेरची बाजू लांबू शकत नाही म्हटल्यावर सगळा बाक आतल्या बाजूच्या दाबावर जातो. सगळी युक्ती या पट्टीत आहे.

नक्कल ओळखायची तीही इथेच. खऱ्या वाकवलेल्या दांड्यात लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळत जातात. फळीतून कापून काढलेल्या कमानीत त्या सरळच राहतात, वळणाच्या कडेला येऊन तुटतात, आणि खुर्चीही नेमकी तिथेच मोडते. बैठक उलटी करून कड्याच्या आतली बाजूही बघावी. कागदी लेबल किंवा ठसा असला तर तिथे सापडतो. रंगाचे थर चढले असतील तर आधी तिथलाच रंग हलक्या हाताने काढावा.

आता दुरुस्ती. खुर्ची डुगडुगते ती बहुतेक वेळा भोकं सैल झाल्याने. त्यावर जाड स्क्रू ठोकणं किंवा लोखंडी अँगल मारणं ही आपल्याकडची आवडती चूक. बैठकीचं कडं तिथेच उभं फाटतं, आणि मग ते बदलण्यावाचून इलाज उरत नाही. त्यापेक्षा भोकात कठीण लाकडाची खुंटी फेव्हिकॉल लावून बसवावी, २४ तास थांबावं, बारीक भोक पाडावं आणि मूळ मापाचाच स्क्रू फिरवावा. वळणावर कपची सुटली असेल तर फटीत फेव्हिकॉल भरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. गोल दांड्यावर शिकंजा सरकतो, रबर सगळीकडून सारखं दाबतं. जुना दांडा पुन्हा वाफवून सरळ करायच्या फंदात मात्र पडू नये.

वेताची बैठक नुसतीच खोलगट झाली असेल, तुटली नसेल, तर विणायची घाई नको. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं खालच्या बाजूने दाबून वेत भिजवावा. वरची बाजू चकचकीत सालीची, ती पाणी पीत नाही. रात्रभर कोणी बसू नये; वाळताना वेत आखडतो आणि बैठक वर येते. एकही धागा तुटला असेल तर हा उपाय फुकट, सरळ नवं विणकाम. तिथे प्लॅस्टिकची वायर भरून घेणारेही आहेत. टिकते, पण दिसते प्लॅस्टिकसारखीच.