दारावरची गावं

इंग्लंडच्या चेशर परगण्यात सँडबाच म्हणून एक गाव आहे. बाजारचौकात दगडी फरशी, तिच्यावर नवव्या शतकाच्या सुमाराचे दोन उंच कोरीव सॅक्सन क्रूस, भोवती पब आणि छोटी दुकानं. या गावात दर एप्रिलला जुन्या वाहनांचा मेळा भरतो. लग्न होऊन मी बोल्टनला आले त्याला आता बराच काळ लोटला. इथल्या मराठी मंडळींचा गणपती आणि सँडबाचचा मेळा, वर्षातल्या या दोन तारखा मी कशासाठीही सोडत नाही.

मेळा सँडबाचलाच का, तर ब्रिटनच्या दोन नामांकित लॉऱ्या या एका गावात बनायच्या. गावाला लागून एल्वर्थला फोडन कुटुंबाचा कारखाना होता. आधी शेतीची यंत्रं, मग वाफेवर चालणाऱ्या लॉऱ्या. घरातल्या एडविन रिचर्ड फोडन यांना 1930 च्या सुमारास दिसू लागलं की वाफेचे दिवस भरले, पुढचा काळ डिझेलचा. घरात ते पटेना. शेवटी ते बाहेर पडले आणि 1933 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, मुलाला हाताशी धरून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव दिलं आपल्याच आद्याक्षरांचं, ईआरएफ. जेनिंग्ज नावाच्या बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये जागा घेऊन पहिली गाडी उभी केली, तिला मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचं चार सिलिंडरचं गार्डनर इंजिन बसवलं आणि पहिल्या चासीला नंबर दिला 63. ज्या वयात लोक नातवंडांना घेऊन बागेत बसतात त्या वयाचा आकडा त्यांनी चासीवर ठोकला, हे मला फार आवडतं.

पुढे फोडननेही डिझेल स्वीकारलं आणि एका गावात दोन कारखाने कित्येक दशकं एकमेकांशी चढाओढ करत राहिले. मेळ्यातली म्हातारी माणसं सांगतात, एका घरातला एक भाऊ इकडे तर दुसरा तिकडे कामाला असायचा आणि रविवारच्या जेवणाला कामाचा विषय काढायला बंदी असायची. आज दोन्ही नावं नाहीत. फोडन 2006 ला संपली, ईआरएफ 2007 ला. राहिला तो कारखान्याचा ब्रास बँड. 1900 मध्ये सुरू झालेला फोडन्स बँड आजही जगातल्या अव्वल बँडांमध्ये गणला जातो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला इंजिनांतलं काही कळत नव्हतं. मी दारं वाचत गेले. जुन्या ब्रिटिश लॉरीच्या दारावर मालकाचं आडनाव, त्याखाली गावाचं नाव, त्याखाली तीन किंवा चार आकडी टेलिफोन नंबर, सगळं हातानं रंगवलेलं. अक्षराला सावली दिलेली, कडेनं केसाएवढी बारीक रेघ. बोकर, ब्लॅकबर्न. सटन, सेंट हेलेन्स. बॅसेट, टिटेन्सर. रॉबसन, कार्लाइल. टिटेन्सर हे स्टोकजवळचं एवढंसं खेडं, पण त्या खेड्याचं नाव ग्लासगोच्या गोदीपासून लंडनच्या बाजारापर्यंत लोकांनी वाचलेलं. आपलं गाव दारावर घेऊन ही माणसं देशभर हिंडली.

कार्लाइलच्या रॉबसनच्या गाड्यांना तर एकेक नावही असायचं, आणि प्रत्येक नावाची सुरुवात ‘बॉर्डर’ या शब्दानं, कारण कार्लाइल स्कॉटलंडच्या सीमेवरचं. त्याच मुलखातल्या एडी स्टोबार्ट कंपनीनं गाड्यांना बायकांची नावं द्यायची प्रथा पाडली, पहिली ट्विगी. ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ वाचत मोठ्या झालेल्या मुलीला गाडीला नाव असणं नवं नव्हतं. परक्या देशात या मेळ्यात मला घरच्यासारखं वाटलं त्याचं हे एक कारण.

रेडिएटरवरच्या बिल्ल्यांची ओळख मग हळूहळू होत गेली. ग्लासगोच्या अल्बियनवर उगवता सूर्य. वुल्व्हरहॅम्प्टनच्या गायवर पिसांचा टोप घातलेलं अमेरिकी आदिवासीचं मस्तक. साउथॉलच्या एईसीवर निळा त्रिकोण. प्रेस्टनजवळ वॉल्टन-ले-डेलला बनणाऱ्या अ‍ॅटकिन्सनवर वर्तुळात भलामोठा ‘ए’. लेलँडच्या जड गाड्यांना प्राणिसंग्रहालयातली नावं, ऑक्टोपस, हिप्पो, बीव्हर, बायसन. ऑक्टोपस म्हणजे चार आसांची, आठचाकी. एखादी लॉरी डोळे मिटूनही ओळखता येते. कॉमरच्या टीएस3 इंजिनात सिलिंडर तीन आणि पिस्टन सहा, एकेका सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर धावणारे, टू-स्ट्रोक. ती चौकाच्या पलीकडून निघाली तरी तिचा तो चिरका, घुमणारा आवाज सगळ्या गर्दीत वेगळा उठतो. त्याच्या अगदी उलट गार्डनर. 1958 चं सहा सिलिंडरचं 6एलएक्स इंजिन साडेदहा लिटरचं, ताकद 150 अश्वशक्ती, आणि ती मिनिटाला फक्त 1700 फेऱ्यांवर. संथ, एका लयीत, कमी डिझेलवर वर्षानुवर्षं चालणारं. भाड्यावर पोट असलेल्या छोट्या मालकाला गार्डनरचा केवढा आधार वाटायचा, ते सांगताना या माणसांचे चेहरे अजूनही फुलतात.

पण मला खरी गोडी लागली ती ड्रायव्हरांच्या बोलण्याची. मेळ्यात दुपारी पाऊस आला (तो येतोच) की सगळे एखाद्या गाडीच्या ताडपत्रीखाली चहा घेऊन बसतात, आणि मग विषय निघतो शॅपचा. मोटरवे होण्याआधी लँकशरहून स्कॉटलंडला जाणारा माल ए6 रस्त्यानं शॅप फेल नावाच्या डोंगरावरून जायचा. माथा सुमारे 1,400 फुटांवर. आपल्या घाटांपुढे ही उंची काहीच नाही, पण वारा आणि बर्फ असा की ऑक्टोबरपासून लोक आकाश बघून निघायचे. बहुतेक केबिनींत हिटर नसे. पायांना गोणपाट गुंडाळून बसायचं, काचेवरचं बर्फ हातानं खरवडायचं. आणि जड लॉरीला कायद्यानं वेग ताशी 20 मैल! ही मर्यादा 1957 पर्यंत होती, मग 30 झाली. दिवसाला गाडी चालवायची 11 तास. म्हणजे कागदावर जास्तीत जास्त 220 मैल, प्रेस्टनहून लंडन कसंबसं. त्यामुळे ड्रायव्हरांच्या मुक्कामाची घरं आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्या हे एक वेगळंच जग उभं राहिलं होतं. शॅपच्या चढाखाली ‘जंगल कॅफे’ होता. तो ज्यांनी पाहिला ती माणसं त्याच्याविषयी माहेराविषयी बोलावं तसं बोलतात.

1958 च्या डिसेंबरात प्रेस्टनच्या बाहेरून देशातला पहिला मोटरवे सुरू झाला आणि 1970 मध्ये एम6 हा मोटरवे शॅपवरून गेला. जुन्या रस्त्यावर आज एक स्मारकशिळा आहे. तिच्यावर लॉऱ्यांच्या ड्रायव्हरांची आठवण आहे, रस्ता बांधणाऱ्यांची आहे, आणि बर्फात अडकलेल्यांना घरात घेऊन जेवू घालणाऱ्या गावकऱ्यांचीही आहे. सरदारांचे आणि सेनापतींचे पुतळे या देशात पावलोपावली आहेत. माझ्या मते ती शिळा त्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे.

एका वर्षी माझा दादामामा इकडे आला होता. सांगलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे त्यानं अख्खी हयात कॉमेट लॉरी चालवली. हळद घेऊन मुंबईला, येताना जे मिळेल ते. कॉमेट मूळची लेलँडची, याच लँकशरची. मद्रासजवळ एन्नोरला 1948 मध्ये अशोक मोटर्स निघाली ती ऑस्टिन मोटारी जोडण्यासाठी. 1950 मध्ये तिचा लेलँडशी करार झाला, 1955 मध्ये नाव अशोक लेलँड झालं, आणि खंबाटकी, कात्रज, बोरघाट कॉमेटच्या आवाजानं भरून गेले. ही कहाणी मामाला ठाऊक नव्हती. लेलँड हे कुणा साहेबाचं आडनाव असावं असं तो समजत होता.

मी त्याला लेलँडलाच नेलं. तिथं जुन्या कारखान्याच्या इमारतीत 1983 पासून ब्रिटिश व्यापारी वाहनांचं संग्रहालय आहे. 1982 च्या दौऱ्यात पोपसाठी बांधलेली काचेची गाडीसुद्धा तिथं उभी आहे, पण मामानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाहेर आवारात त्या दिवशी गाड्या जमल्या होत्या, त्यांत एक कॉमेट होती. त्यानं चपला काढल्या, बॉनेटला हात लावून नमस्कार केला, आणि मगच जवळ गेला. गाडीचा मालक, सत्तरीचा एक माणूस, हे बघत होता. त्यानं काही न विचारता केबिनचं दार उघडलं.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी मध्ये दुभाष्याचं काम करू लागले, पण थोड्याच वेळात माझी गरज उरली नाही. मागच्या फळ्यांवर पेट्या रचून ताडपत्री टाकायची होती. दोर हातात आला तसा मामा दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. इथले ड्रायव्हर एक गाठ मारतात: दोराला पीळ देऊन वर फास करायचा, खालचा वेढा त्यातून ओढून हुकात अडकवायचा आणि मग अंगाचा सगळा भार टाकून खेचायचं. कप्पी लावल्यासारखं दुप्पट बळ येतं, माल हलत नाही, आणि सोडताना एका झटक्यात सुटते. मामा तीच गाठ मारत होता. तीच, फक्त पीळ उलट्या हाताचा. दोघांनी मिळून ती अख्खी गाडी बांधली. “वेळ लागला तरी चालेल, पण ताडपत्रीला सुरकुती नको,” असं मामा म्हणाला. मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या माणसानं मामाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. आरशासारखी चमकणारी, क्रोम लावलेली, रिकामी गाडी मेळ्यात बक्षीस मिळवते. मिळवू दे. माझं मन मात्र मालानं भरलेल्या, ताडपत्री ओढलेल्या, दारावरची अक्षरं थोडी उडालेल्या गाडीपाशीच रेंगाळतं.

दारावरची ही नावं एकदा सगळीच्या सगळी जाणार होती. 1947 च्या कायद्यानं लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारनं ताब्यात घेतली. पंचवीस मैलांपलीकडे धंदा करणाऱ्या कंपन्या एकामागून एक ब्रिटिश रोड सर्व्हिसेसमध्ये गेल्या. गाड्या लाल रंगल्या, पार्सलच्या हिरव्या. आडनाव आणि गाव पुसून दारावर आला सरकारी सिंह आणि आगाराचा सांकेतिक क्रमांक. 1953 मध्ये पुढच्या सरकारनं धोरण फिरवलं, गाड्या विकायला काढल्या, आणि कित्येक घराण्यांनी पुन्हा कर्ज काढून आपल्या नावाच्या गाड्या रस्त्यावर आणल्या. मेळ्यात या विषयावर आजही आवाज चढतात. सरकारी नोकरीत पगार वेळेवर मिळायचा, हे सांगणारे आहेत. वडिलांनी दार रंगवून घेतलं त्या दिवशी आई रडली होती, हे सांगणारेही आहेत. मी दोघांचंही ऐकते. दोघांनी त्या गाड्यांवर आयुष्य घातलेलं आहे.

नंतरची पडझड सरकारनं केली नाही. मोठ्यांनी छोट्यांना गिळलं, सगळ्या ट्रेलरांवर एकसारखे पडदे आले, गावाच्या जागी संकेतस्थळाचा पत्ता आला. नॉर्थँप्टनशरमधल्या ओल्ड नावाच्या खेड्यात 1865 मध्ये एका घोडागाडीवर सुरू झालेली ‘नाइट्स ऑफ ओल्ड’ दोन महायुद्धांतून तरली, आणि 2023 मध्ये संगणकावरच्या खंडणीखोर हल्ल्यानंतर बंद पडली. सातशेच्या आसपास लोकांची नोकरी गेली. ती बातमी मी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

या गाड्या जपणारी मोठी संस्था म्हणजे हिस्टॉरिक कमर्शियल व्हेइकल सोसायटी. तिची मुळं 1958 मधली. 1962 पासून ती मे महिन्याच्या पहिल्या रविवारी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढते. ब्रायटनच्या समुद्राकाठी मदीरा ड्राइव्हवर एकामागून एक गाड्या येऊन थांबतात, तेव्हा एक निवेदक प्रत्येक गाडीची माहिती सांगतो: बनावट, साल, मालक, गाव. मला तेवढ्यासाठी तिथं उभं राहायला आवडतं. बेडफर्डच्या गाड्या आल्या की मी जरा पुढे सरकते. ल्यूटनला बनलेल्या बेडफर्डनीच आपली एसटी सुरू झाली, 1 जून 1948 ला, पुणे ते अहमदनगर. शेजारी उभ्या असलेल्या इंग्रज माणसांना मी हे दर वर्षी सांगते, आणि ते दर वर्षी आनंदानं ऐकतात.

आता चालक बदलू लागलेत. आजोबांची अ‍ॅटकिन्सन नात चालवते, डबल क्लच दाबून गिअर टाकायला ती शेडमध्ये शनिवारी शनिवारी शिकली. एका मुलीनं ब्रशनं अक्षरं रंगवायचा धंदाच धरला आहे. जुना फोटो समोर ठेवून ती सावलीची रेघ जुळवते.

एवढं सगळं इथं बघितलं की मन सांगलीला, इचलकरंजीला, नगरला जातं. तिथल्या ट्रान्सपोर्ट नगरांच्या मागे, गॅरेजच्या आवारात, कुठे ना कुठे अजून एखादी कॉमेट कुजत उभी असणार. बुकिंग ऑफिसच्या भिंतीवर मालकाच्या वडिलांचा गाडीसोबतचा फोटो असणार, दारावर कोणता रंग होता हे आठवणारा पेंटरही गावात असेल. कुणी ती एक गाडी तिच्या मूळ रंगात, मूळ नावासकट उभी करून वर्षातून एकदा, समजा दसऱ्याला, चार लोकांसमोर सुरू केली, तर मी तिकीट काढून येईन. ताडपत्री बांधायला मदत लागली तर तीही करीन, मामानं मला ती गाठ शिकवली आहे.